घरातला फिंच आजारी पडला तर: पक्ष्याची शुश्रूषा आणि घरातल्यांची काळजी

थोडक्यात

- पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसलेला फिंच "झोपाळू" नसतो, तो आजारी असतो. वाट पाहण्यात दिवस घालवू नका.
- पहिले उपचार तीन: वेगळा ठेवणे, ऊब देणे, दाणा-पाणी चोचीजवळ ठेवणे. त्यानंतर लगेच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना फोन.
- घरातले माणसांचे औषध एक थेंबही देऊ नका.
- विष्ठा आणि पिसांची धूळ कोरडी झाडू नका. आधी ओली करा, मास्क लावा, मग पुसा.
- घरात कोणाला ताप, कोरडा खोकला किंवा दम लागत असेल तर "आमच्याकडे पक्षी आहेत" हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, फ्लॅटमध्ये कुत्रा-मांजर ठेवणे अनेकांना जमत नाही. मग मुलांच्या हट्टापायी किंवा घरातल्या आजी-आजोबांच्या सोबतीला फिंचची जोडी येते. झेब्रा फिंच, बंगाली फिंच आणि रंगीत गोल्डियन फिंच हे त्यातले नेहमीचे प्रकार. या पक्ष्यांचे वजन साधारण १२ ते १६ ग्रॅम असते, म्हणजे मोठ्या चमचाभर साखरेइतके. एवढ्या लहान शरीरात साठा फारसा नसतो, त्यामुळे आजार वेगाने वाढतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मी माणसांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. पक्ष्याच्या आजाराचे निदान आणि औषध हे पशुवैद्यांचे काम आहे. या लेखात दोन गोष्टी आहेत: पशुवैद्यांकडे पोहोचेपर्यंत घरी काय करावे, आणि आजारी पक्षी घरात असताना माणसांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी. लहान घरात पक्षी आणि माणसे एकाच हवेत श्वास घेतात, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

पक्षी आजारी आहे हे कसे ओळखावे?

निसर्गात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे लहान पक्षी आजार शक्य तितका लपवतात. "काल तर मस्त गात होता, आज अचानक असा झाला" असे घरचे सांगतात, पण बहुतेक वेळा आजार काही दिवस आधीच सुरू झालेला असतो.

पुढील लक्षणे दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा:

- दिवसा पिसे फुगवून गोळा होऊन बसणे, डोळे मिटणे
- दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे
- दाण्याची वाटी कमी न होणे, किंवा दाणे नुसते सोलून टाकणे (वरची टरफले फुंकून खाली किती दाणे उरले ते पाहा)
- विष्ठा पातळ, हिरवट किंवा रक्तमिश्रित होणे, शेपटीखालची पिसे चिकट होणे
- गाणे बंद होणे, आवाज बसणे
- छातीचे मधले हाड हाताला धारदार लागणे, म्हणजे वजन घटलेले असणे

ही लक्षणे असतील तर तासही महत्त्वाचे आहेत:

- चोच उघडी ठेवून श्वास घेणे, प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होणे, श्वासात टिकटिक आवाज येणे
- मादी तळाशी बसून कळा दिल्यासारखी जोर करत असणे
- रक्तस्राव, मांजराचा पंजा किंवा दात लागणे, पंख्याला किंवा काचेला आपटणे
- झटके येणे, तोल जाणे, मान वाकडी होणे

पहिले काही तास: घरी काय करावे?

१. वेगळा ठेवा. आजारी पक्ष्याला इतरांपासून वेगळ्या लहान पिंजऱ्यात, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा. पकडताना खोलीतला उजेड कमी करा, पंखा बंद करा, खिडक्या लावून घ्या. हातात धरताना छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांना श्वास घेता येतो. घट्ट मूठ म्हणजे त्यांच्यासाठी गुदमरणे.

२. ऊब द्या. पक्ष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. आजारी पक्षी ते टिकवण्यात आपली सगळी ताकद खर्च करतो. पिंजऱ्यातले तापमान २९ ते ३२ अंशांच्या दरम्यान ठेवले तर ती ताकद वाचते. पिंजऱ्याच्या एका बाजूला, बाहेरून, ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. एलईडी दिवा पुरेशी ऊब देत नाही. बल्ब नसेल तर गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवून ठेवा आणि थंड होताच बदला. ऊब एकाच बाजूला असावी, म्हणजे पक्ष्याला नको असेल तेव्हा दुसऱ्या बाजूला जाता येईल. आत एक साधा तापमापक ठेवा. कापड बल्बला लागणार नाही याची खात्री करा.

मुंबईत यात ऋतू पाहावा लागतो. मे महिन्यात दुपारी खोलीतच ३२-३३ अंश असतात. तेव्हा बल्बची गरज नसते, फक्त पंखा आणि एसीचा झोत बंद ठेवा. पावसाळ्यातला ओला वारा आणि जानेवारीतल्या रात्री यांत मात्र ऊब लागतेच. पक्षी पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागला तर उष्णता जास्त झाली आहे, बल्ब लांब करा.

पश्चिमेकडच्या बाल्कनीत, ग्रिलमधल्या पिंजऱ्यात उन्हात राहून पक्षी धापा टाकत असेल तर उपाय उलटा आहे. त्याला लगेच सावलीत, हवेशीर जागी आणा, पाय साध्या पाण्याने हलके ओले करा आणि प्यायला पाणी ठेवा. बर्फ किंवा गार पाण्याची आंघोळ नको.

३. दाणा-पाणी जवळ ठेवा. फिंच दिवसभर थोडे थोडे खातो. एक दिवसाचा उपासही त्याच्या जिवावर बेतू शकतो. दांड्या खाली घ्या. नेहमीचे राळे (दुकानात ज्याला कांगणी म्हणतात) आणि बाजरी उथळ झाकणात तळाशीच ठेवा. मिळाले तर राळ्याचे कणीस ठेवा, आजारी पक्षीही ते बऱ्याचदा टोचतो. उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर कुस्करा देता येतो, पण आपल्या दमट हवेत तो दोन तासांत काढून टाका. पाणी उथळ असावे. ड्रॉपरने किंवा सिरिंजने चोचीत पाणी सोडू नका. ते श्वासनलिकेत गेले तर पक्षी तिथेच दगावतो.

४. शांतता द्या, पण काळोख नको. पिंजऱ्याच्या तीन बाजू सुती कापडाने झाका, चौथी उघडी ठेवा. पूर्ण अंधारात फिंच खात नाही. टीव्ही, मुलांची गर्दी आणि सतत डोकावणे टाळा.

५. नोंद ठेवा. तळाशी पांढरा साधा कागद घाला, म्हणजे विष्ठा दिसते. दर काही तासांनी मोबाइलवर तिचा फोटो काढा. श्वास जड वाटत असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा असेल तर पक्ष्याला हलक्या डबीत ठेवून रोज सकाळी वजन करा. १५ ग्रॅमच्या पक्ष्याचे दीड ग्रॅम घटले तर ते दहा टक्के झाले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ६ किलो घटल्यासारखे. पशुवैद्यांना या नोंदींचा फार उपयोग होतो.

माणसांची औषधे का देऊ नयेत?

"पाव गोळी पाण्यात विरघळवून दिली तर चालेल का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. ६० किलोच्या माणसाला आपण ५०० मिलिग्रॅमची गोळी देतो. १५ ग्रॅमचा पक्षी त्या माणसाच्या चार हजाराव्या भागाएवढा आहे. म्हणजे नुसत्या वजनाच्या हिशेबाने त्या गोळीचे चार हजार तुकडे करावे लागतील. पाव गोळी हा त्या हिशेबाने एक हजार पट डोस झाला. शिवाय पक्ष्यांचे यकृत आणि मूत्रपिंड औषधे वेगळ्या पद्धतीने हाताळतात, त्यामुळे वजनाचा हिशेबही पुरेसा नसतो.

दुकानातली अँटिबायोटिक पावडर पिण्याच्या पाण्यात घालण्याची पद्धत आहे. तिच्यात तीन अडचणी आहेत. आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे डोस अपुरा पडतो. चव बदलली तर तो पाणी पिणेच सोडतो. आणि आजार परजीवींचा किंवा बुरशीचा असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नसतोच. अर्धवट डोसाने औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि त्याच पिंजऱ्याची सफाई तुमच्या घरातली माणसे करत असतात.

हेही टाळा:

- पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, खोकल्याचे औषध, स्टेरॉइड असलेले डोळ्यांचे थेंब किंवा मलम
- ब्रँडीचा थेंब. त्याने ऊब येत नाही, उलट शरीराची उष्णता जाते
- अंगाला किंवा पिसांना तेल लावणे. तेलकट पिसे ऊब धरत नाहीत
- बाम, कापूर, धुरी, वाफारा
- अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, खारट फरसाण

स्वयंपाकघरातली हवा

पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यांच्या फुप्फुसांतून हवा जवळजवळ सतत वाहत राहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्यातून मिळतो, पण हवेतले विषही तितक्याच वेगाने शरीरात जाते. आपल्याला फक्त वास येतो, तेव्हा फिंच मरू शकतो.

सर्वांत धोकादायक म्हणजे रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा. त्याचा लेप फार तापला की वासही न येणारे वायू सुटतात आणि त्याच खोलीतले पक्षी काही मिनिटांत दगावू शकतात. डासांची कॉइल, कीटकनाशक स्प्रे, पेस्ट कंट्रोल, नवा रंग, अगरबत्तीचा दाट धूर, सिगारेट आणि दिवाळीतले फटाके हेही त्यांना सोसत नाहीत. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून ठेवू नका. वन-रूम-किचनमध्ये पर्याय नसेल तर लोखंडी तवा वापरा आणि फोडणीच्या वेळी पिंजरा खिडकीजवळ न्या.

नेहमी दिसणाऱ्या काही अडचणी

अंडे अडकणे. मादी साधारण दिवसाआड नव्हे, तर रोज एक अशी चार ते सहा अंडी घालते. एखादे अंडे आत अडकले तर ती तळाशी फुगून बसते, शेपटी हलवत जोर करते. कॅल्शियमची कमतरता, सततची वीण आणि गारवा ही त्याची प्रमुख कारणे. तिला उबेत ठेवा, पिंजऱ्याजवळ गरम पाण्याचे भांडे ठेवून हवा थोडी दमट करा आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या. अंडे दाबून बाहेर काढू नका. ते आत फुटले तर वाचवणे कठीण होते. पुढे असे होऊ नये म्हणून पिंजऱ्यात कटलबोन कायम ठेवा आणि वर्षभर घरटे लावून ठेवू नका.

श्वासात टिकटिक. गोल्डियन फिंचमध्ये श्वासनलिकेत आणि हवेच्या पिशव्यांत राहणारे सूक्ष्म किडे आढळतात. आवाज बसतो, चोच उघडी राहते, रात्री शांततेत टिकटिक ऐकू येते. यावर औषध आहे, पण ते थेंबांच्या अंशात मोजून द्यावे लागते. ऑनलाइन मागवून स्वतः देऊ नका.

रक्तस्राव. १५ ग्रॅमच्या पक्ष्यात एकूण रक्त सुमारे दीड मिलिलिटर, म्हणजे तीस थेंबांच्या आसपास असते. त्यातले दहा थेंब गेले तर एक तृतीयांश रक्त गेले. नख तुटले असेल तर त्यावर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापसाने एक-दोन मिनिटे हलके दाबा. तुरटी किंवा हळद डोळ्यांजवळ, चोचीजवळ लावू नका.

पाय मोडणे. काडी बांधून पाय सरळ करण्याचा प्रयत्न करू नका. दांड्या काढा, तळाशी टिश्यू पेपर घाला आणि पशुवैद्यांकडे न्या.

मांजराचा दात. जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी दाखवा. मांजराच्या लाळेतल्या जंतूंमुळे एक-दोन दिवसांत पक्षी दगावतो.

घरातल्या माणसांना काय होऊ शकते?

घाबरून पक्षी सोडून देण्याची गरज नाही. पिंजऱ्यातल्या फिंचपासून माणसाला गंभीर आजार होणे नेहमीचे नाही. पण पुढच्या पाच गोष्टी माहीत असाव्यात.

सिटॅकोसिस. हा क्लॅमिडिया सिटासी नावाच्या जिवाणूचा संसर्ग आहे. तो मुख्यतः पोपट, बजरीगर आणि कबुतरांकडून येतो, फिंचकडून क्वचित. वाळलेली विष्ठा आणि नाका-डोळ्यांचा स्राव यांची धूळ श्वासातून गेल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांत ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. तो साध्या न्यूमोनियासारखा दिसतो, पण नेहमीच्या काही अँटिबायोटिकना दाद देत नाही. डॉक्सिसायक्लिन वेळेवर सुरू झाले तर रुग्ण बरा होतो. गरोदर स्त्रियांमध्ये हा आजार गंभीर होऊ शकतो आणि त्यांना वेगळे औषध द्यावे लागते. म्हणून गरोदरपणी आजारी पक्ष्याची सफाई दुसऱ्या कोणी करावी.

फुप्फुसांची ॲलर्जी. पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा जंतुसंसर्ग नाही, त्यामुळे पक्षी पूर्ण निरोगी असला तरी तो होऊ शकतो. भारतातील फुप्फुसांच्या अशा आजारांची एक मोठी नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १९ शहरांतील २७ केंद्रांमधले १,०८४ रुग्ण होते, आणि त्यांतल्या सुमारे ४७ टक्के रुग्णांना हाच आजार होता. पक्षी हे त्याच्या कारणांपैकी एक. बुरशी आलेले एअर कूलर हे दुसरे. मुंबईत कबुतरांवरून जी चर्चा चालते, आणि जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कबुतरखाने बंद करण्याचा जो निर्णय जाहीर केला, त्यामागे हाच आजार आहे.

फिंचची धूळ कबुतरापेक्षा कमी असते. पण एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरे, आत पिंजरा आणि दमट भिंतीवर बुरशी अशी घरे आपल्याकडे खूप आहेत. जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागणे, तीन आठवड्यांपेक्षा जास्त कोरडा खोकला, वजन घटणे, किंवा पिंजरा साफ केल्यावर चार ते आठ तासांनी येणारा ताप आणि खोकला ही त्याची लक्षणे. यावर मुख्य उपचार म्हणजे कारण दूर करणे. उशीर झाला तर फुप्फुसांत कायमचे व्रण पडतात आणि ते औषधाने जात नाहीत.

सालमोनेला. विष्ठेचा हात तोंडात गेला तर जुलाब, ताप आणि उलट्या होतात. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पक्ष्याला ओठांनी दाणा भरवणे बंद करा.

लाल किडे. पिंजऱ्याच्या फटींत किंवा खिडकीवरच्या कबुतराच्या घरट्यात राहणारे बारीक किडे रात्री माणसांनाही चावतात. घरात दोघा-तिघांना खाजणारे लाल पुरळ एकदम आले आणि खरजेच्या औषधाने गेले नाही तर पिंजऱ्याच्या फटी आणि खिडक्या तपासा.

बर्ड फ्लू. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, कोंबड्यांमध्ये आढळला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई आणि ठाण्यात मेलेल्या पक्ष्यांमध्येही तो सापडला. घरात बंद असलेल्या फिंचला धोका कमी असतो, पण पिंजरा उघड्या ग्रिलमध्ये ठेवल्यास कावळे-कबुतरांची विष्ठा दाण्या-पाण्यात पडते. पिंजरा आत ठेवा. इमारतीच्या आवारात मेलेले कावळे दिसले तर हात न लावता महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

आजारी पक्ष्याच्या संपर्कानंतर दोन आठवड्यांत ताप किंवा खोकला आला, खोकला तीन आठवडे टिकला, किंवा दम लागू लागला तर दाखवा. दम वेगाने वाढत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्ण गोंधळल्यासारखा बोलत असेल तर थेट रुग्णालयात न्या.

दवाखान्यात गर्दी असते आणि पक्ष्यांबद्दल विचारायचे राहून जाते. खोकल्याची बाटली बदलत राहते, महिने जातात. म्हणून तुम्हीच सांगा: कोणते पक्षी, किती वर्षांपासून, पिंजरा कोण साफ करते, खिडकीवर कबुतरे बसतात का, आणि अलीकडे एखादा पक्षी आजारी पडला किंवा मेला का. या माहितीवरून तपासण्यांची दिशा बदलते.

पिंजरा साफ करण्याची सुरक्षित पद्धत

१. घट्ट बसणारा एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि केमोथेरपी चालू असलेल्यांनी हे काम करू नये.

२. पक्ष्याला दुसऱ्या खोलीत न्या. पंखा बंद, खिडकी उघडी.

३. कागद आणि विष्ठा पाण्याच्या फवाऱ्याने ओली करा. मग गुंडाळून पिशवीत बांधा. झाडू किंवा साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने धूळ उडते.

४. साबणाने धुऊन मग १ लिटर पाण्यात सुमारे ३० मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून पुसा. दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

५. हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका. निरोगी पक्ष्यांचे आधी करा, आजारी पक्ष्याचे शेवटी. नंतर हात साबणाने धुवा आणि कपडे बदला.

कुठे दाखवावे? कायदा काय सांगतो?

सगळेच पशुवैद्य पक्षी पाहत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. पक्षी निरोगी असतानाच जवळच्या पक्षी पाहणाऱ्या पशुवैद्यांचा नंबर शोधून फ्रिजवर लावून ठेवा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. नेताना लहान पिंजरा किंवा हवेची भोके पाडलेला खोका वापरा, पाण्याची वाटी काढून काकडीची चकती ठेवा आणि वर सुती कापड घाला. गर्दीच्या लोकलपेक्षा रिक्षा-टॅक्सी बरी. एसीचा झोत पक्ष्यावर येऊ देऊ नका.

परदेशी वंशाचे झेब्रा किंवा बंगाली फिंच पाळता येतात. पण लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया यांसारखे भारतीय पक्षी पकडणे, विकणे आणि पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारात अशा मुनिया रंगवून "परदेशी फिंच" म्हणूनही विकल्या जातात. तुमच्याकडे असा पक्षी आला असेल तर बाल्कनीतून सोडून देऊ नका, तो जगणार नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

नेहमीचे प्रश्न

आमची सर्दी पक्ष्याला लागते का?
साधी सर्दी सहसा लागत नाही. तरी पक्ष्याला हाताळण्यापूर्वी हात धुवा.

गरोदरपणात पक्ष्यामुळे टॉक्सोप्लाझ्मा होतो का?
नाही. तो मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून येतो, फिंचच्या विष्ठेतून नाही. पण सिटॅकोसिसमुळे सफाई टाळावी.

मुलाला दमा आहे. पक्षी ठेवावा का?
नव्याने आणू नका. आधीपासून असेल तर पिंजरा मुलाच्या झोपायच्या खोलीतून काढा आणि दम्याच्या नोंदी ठेवा. पक्षी आल्यापासून इन्हेलरची गरज वाढली असेल तर त्याला दुसरे चांगले घर शोधणे योग्य. पक्षी गेल्यावरही धूळ गाद्या-पडद्यांत काही महिने राहते, त्यामुळे फरक लगेच दिसत नाही.

जोडीतला एक गेला. दुसरा लगेच आणावा का?
फिंचला सोबत लागते, पण घाई नको. उरलेला पक्षी निरोगी आहे याची खात्री करा, पिंजरा निर्जंतुक करा, आणि नवा पक्षी ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा.

पक्षी मेला तर काय करावे?
हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा. घरात आणखी पक्षी असतील, किंवा घरात कोणाला ताप असेल, तर शवविच्छेदनाबद्दल पशुवैद्यांना त्याच दिवशी विचारा. मृत्यूचे कारण कळले तर उरलेल्यांवर नेमके उपचार करता येतात.

मुलांना काय सांगावे?
खरे सांगा. "उडून गेला" म्हटले तर मूल खिडकीशी वाट पाहत राहते. लहान मुलांना बऱ्याचदा वाटते की आपण पाणी द्यायला विसरलो म्हणून तो मेला. ती शंका ती बोलून दाखवत नाहीत, म्हणून तुम्हीच विषय काढा. सांगा की एवढा लहान पक्षी आजार लपवतो आणि मोठ्या माणसांनाही तो उशिरा कळतो. त्याला उबेत ठेवायला, दाणा जवळ ठेवायला मुलाने मदत केली असेल तर तेही बोलून दाखवा.

ही माहिती प्राथमिक काळजीसाठी आहे. पक्ष्याच्या औषधासाठी पशुवैद्यांचा आणि स्वतःच्या तक्रारींसाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.